सुकाणूची थरथर



न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला तो १८७५ साली. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात फ्रान्समधील ल मान ह्या गावाहून एक अवजड वाफेची गाडी बारा माणसांची सोय घेऊन पॅरिसकडे निघाली आणि सुमारे अठरा तासांत तेथे पोचली. ती बनविणारा आमेदे बोले हा घंटा ओतणाऱ्यांच्या घराण्यातला. रूळ नसलेल्या रस्त्यावरून, घोड्यावाचून, इतक्या दूरचा प्रवास करणारी गाडी म्हणजे त्या काळी मोठाच चमत्कार होता. तिचे नाव काय ठेवावे? ‘वायुवेग’ किंवा ‘महाबली’ असे एखादे नाव त्याला सहज सुचले असते. त्याने नाव ठेवले ‘लोबेइसांत’, म्हणजे ‘आज्ञाधारक’. गाडी जोराने धावते ह्याचा त्याला अभिमान नव्हता असे नाही. पण ती सांगितल्या दिशेने वळते ह्याचा अभिमान त्याहून अधिक होता. मोटारीच्या इतिहासाचे वाचन वेगाच्या आणि अश्वशक्तीच्या आकड्यांनी करण्याची आपल्याला सवय आहे. आज तोच इतिहास मला ह्या आज्ञाधारकपणाच्या बाजूने सांगावयाचा आहे; आणि त्यासाठी एक अगदी लहान वस्तू निवडली आहे.

तिचे नाव स्टिअरिंग डॅम्पर. तलासरीवरून जाणाऱ्या हमरस्त्यावर खडी-माती वाहणारे अजस्र डंपर आपण रोज पाहतो. त्यांच्याशी हिचा काही संबंध नाही. ही दिसावयास सायकलच्या पंपासारखी एक नळी असते. नळीत तेल असते, तेलात भोके पाडलेला दट्ट्या असतो. जुन्या मोटारीच्या पुढच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याला ही नळी आडवी बसवितात. जुनी गाडी घेऊन तिच्यात नवे, ताकदवान इंजिन घालण्याचा नाद ज्यांना आहे, त्यांच्यात ह्या नळीवरून वर्षानुवर्षे वाद चालत आले आहेत. कोणी म्हणतो, तिच्यावाचून गाडी रस्त्यावर आणू नये. कोणी म्हणतो, ती बसवावी लागली म्हणजे मिस्त्रीने हात टेकले असे समजावे. एवढ्याशा नळीवर इतका वाद का व्हावा, हे समजून घेण्यासाठी आपण प्रथम मोटारीपासून दूर जाऊ आणि खाडीवर येऊ.

धाकटी डहाणू हे मासेमारीवर जगणारे गाव. पूर्वी येथील होड्या शिडावर चालत. होडीच्या मागच्या टोकाला सुकाणू, त्याचा दांडा तांडेलाच्या हातात. पाणी सुकाणूच्या फळीवर जो जोर करी, तो त्या दांड्यातून थेट हाताला कळे. लाट कोणत्या अंगाने आली, ओढ किती आहे, हे डोळ्यांआधी तळव्याला समजे. १९५० नंतरच्या दशकांत ह्या किनाऱ्यावर, सरकारी साह्याने व मच्छीमारांच्या सहकारी संस्थांच्या मार्फत, होड्यांना इंजिने बसू लागली. वाऱ्याची वाट पाहणे संपले, दूरवर जाता येऊ लागले, ताजी मासळी वेळेवर बंदरात येऊ लागली. परंतु इंजिनाबरोबर पाण्याखाली पंखा आला, आणि सुकाणूची फळी नेमकी त्या पंख्याच्या मागे आली. पंखा पाणी मागे फेकतो ते घुसळून, पिळून फेकतो. ते सगळे सुकाणूवर आदळते. शिडाच्या होडीत जे सुकाणू शांत असे ते आता थरथरू लागते, त्याच्या बिजागऱ्या लवकर झिजतात. होडी तीच, सुकाणू तेच, पण ताकद बदलली. आणि ताकद बदलताच जुन्या भागांकडून नवी अपेक्षा निर्माण झाली. शिडाच्या होडीला इंजिन बसविणारा कोळी आणि जुन्या फोर्ड गाडीला नवे इंजिन बसविणारा अमेरिकन तरुण, ह्या दोघांच्या पुढे आलेला प्रश्न मुळात एकच आहे.

आता रस्त्यावर येऊ. आपल्या बैलगाडीला दोनच चाके. तिला वळविण्याचे काम बैलांची मान करते. चार चाकांची घोडागाडी आली तेव्हा पुढचा सबंध आस मधल्या एका खिळ्यावर फिरविण्याची युक्ती निघाली. तिच्यात दोन दोष होते. आस पुरता वळला म्हणजे गाडीचा पुढचा आधार अरुंद होऊन ती कलंडण्याचा धोका असे. आणि एका चाकाखाली दगड आला की सबंध आसच तरफेसारखा फिरे. म्युनिकच्या गेऑर्ग लांकेनस्पेर्गर नावाच्या गाडी बनविणाऱ्याने १८१६ च्या सुमारास ह्यावर तोड काढली: आस स्थिर ठेवावयाचा आणि त्याच्या दोन टोकांवर प्रत्येक चाक स्वतंत्रपणे आपापल्या खिळ्यावर फिरवावयाचे. लंडनमध्ये ह्या कल्पनेचे पेटंट १८१८ साली त्याच्या वतीने रुडॉल्फ आकरमान ह्याने घेतले. आकरमान हा चित्रे छापून विकणारा व्यापारी; परंतु आज जगभर ही रचना त्याच्या नावाने ओळखली जाते आणि मूळ कारागिराचे नाव फारसे कोणाला ठाऊक नसते. कारागिरांच्या इतिहासात असे पुष्कळ वेळा घडते.

घोडागाडीवाल्यांनी ही युक्ती फारशी उचलली नाही. ती खरी उपयोगी पडली मोटारीला, आणि तीही उशिरा. कार्ल बेंझने २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या गाडीचे पेटंट मागितले तिला तीनच चाके होती. कारण दोन चाके एकाच वेळी नीट वळवावी कशी, हे कोडे त्याला अद्याप सुटले नव्हते. ते त्याने १८९३ मध्ये सोडविले. ह्या पहिल्या मोटारी वळवावयाच्या कशाने? पुष्कळांत चक्र नव्हतेच. होडीला असतो तसा दांडाच होता! समुद्रावरचे सुकाणू जसेच्या तसे रस्त्यावर आले. पण पाणी मऊ आहे, रस्ता मऊ नाही. पुढच्या चाकाला बसलेला धक्का दांड्यातून थेट हातात येई आणि दांडा हिसकला जाई. फ्रान्सचा थोर मोटार-शिल्पी एमिल लेव्हासोर १८९६ च्या पॅरिस-मार्सेय शर्यतीत असाच दांड्याची गाडी हाकत असता वाटेत कुत्रे आडवे आले. गाडी उलटली, तो बाहेर फेकला गेला, आणि त्या आघातातून पुरता न सावरता १८९७ च्या एप्रिलमध्ये वारला. मोटार वेगवान करणाऱ्यांत जो अग्रणी होता, त्यालाच तिच्या सुकाणूचा दुबळेपणा भोवला.

दांडा मागे पडला व गोल चक्र आले ते ह्याच सुमारास. १८९४ च्या पॅरिस-रूआं शर्यतीत आल्फ्रेद व्हाशरों ह्याने आपल्या गाडीला चक्र लावले होते. मुख्य सुधारणा चक्रामागच्या दातेरी पेटीत होती. ह्या पेटीतून हाताचा जोर चाकांकडे सहज जातो, पण चाकाचा धक्का हाताकडे येताना पुष्कळसा अडतो. आता चालकाचा हात सुरक्षित झाला. पण धक्का अडला म्हणजे तो नाहीसा झाला असे नव्हे; तो सांध्यांत, खिळ्यांत, बुशांत जिरू लागला आणि त्यांची झीज करू लागला. हा मुद्दा आपण ध्यानात ठेवू. पुढे त्याचे काम पडेल.

मुंबईत मोटारी आल्या त्या १८९८ च्या सुमारास. पहिल्या मालकांत जमशेटजी टाटांचे नाव सांगतात. तेव्हापासून पुढे वीस-पंचवीस वर्षे मोटारींचा वेग बेताचा होता आणि टायर अरुंद व टणक होते. १९२० नंतर मात्र तीन गोष्टी जवळजवळ एकदमच घडल्या. इंजिने बलवान झाली. पुढच्या चाकांनाही ब्रेक आले. आणि १९२३ पासून फायरस्टोन कंपनीचे कमी दाबाचे फुगीर टायर बाजारात आले. बसणाऱ्याला सुख झाले. पण एक नवीच व्याधी उद्भवली. विशिष्ट वेगावर, एखादा लहानसा खड्डा लागताच, पुढची दोन्ही चाके डावी-उजवीकडे फडफडू लागत. चक्र हातात राहीना, सबंध गाडी अंगात आल्यासारखी हले, आणि वेग अगदी कमी करीपर्यंत ते थांबत नसे. अमेरिकेत त्या वेळी खांदे थरथरविण्याचे एक नृत्य लोकप्रिय होते. त्याचे ‘शिमी’ हे नाव ह्या रोगाला मिळाले. आपले मिस्त्री ‘गाडी वॉबल मारते’ म्हणतात ते हेच.

हे होते कसे? थोडे शास्त्र सांगतो. ते कठीण नाही. रुग्णालयातील ढकलगाडीचे फिरते चाक आपण पाहिले असेल. त्याचा खिळा पुढे आणि जमिनीला टेकणारा भाग मागे असतो. म्हणून गाडी ढकलली की चाक आपोआप मागे सरळ रेषेत येते. मोटारीच्या पुढच्या चाकाचा खिळाही असाच किंचित कलता ठेवलेला असतो, म्हणून वळण संपल्यावर चक्र आपण होऊन परत येते. परंतु परत येणारे चाक मधोमध थांबत नाही. झोपाळ्याप्रमाणे पलीकडे जाते, पुन्हा परतते. एरवी घर्षणाने हा झोका मरतो. पण एका ठराविक वेगावर, प्रत्येक झोक्यात घर्षणाने जेवढे बळ जाते त्याहून अधिक बळ टायर आणि रस्ता यांच्या ओढाताणीतून मिळते. मग झोका वाढतच जातो. हे बळ येते गाडीच्या पुढे धावण्यातून, म्हणजे शेवटी आपण टाकीत ओतलेल्या पेट्रोलमधून. आपलेच इंजिन आपल्याच चाकांना हलवीत असते!

ह्यात दुसरी एक गोष्ट मिसळते. जुन्या गाडीची पुढची दोन चाके एकाच अखंड आसाच्या टोकांवर असतात. एक चाक उंचवट्यावर चढले की सबंध आस तिरपा होतो आणि त्याबरोबर दोन्ही फिरती चाके तिरपी होतात. फिरता भोवरा बोटाने कलवू पाहिला तर तो सरळ कलत नाही, बाजूला वळतो, हे प्रत्येक मुलाला माहीत असते. चाक हाही एक भोवराच. आस कलला की चाके वळतात. चाके वळली की आस पुन्हा कलतो. एकाने दुसऱ्याला चिथवावे आणि दुसऱ्याने पहिल्याला, असा हा प्रकार. ब्रूलिए नावाच्या फ्रेंच इंजिनिअराने १९२५ साली ह्या थरथरीवर महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. आजार रस्त्याचा नसून गाडीच्या रचनेचाच आहे, हे कळल्यावर उपायाच्या दोन वाटा दिसू लागल्या.

पहिली वाट मुळावर घाव घालण्याची. अखंड आसच काढून टाकावयाचा आणि प्रत्येक पुढचे चाक वेगळे टांगावयाचे. म्हणजे ते वरखाली होताना फारसे कलणार नाही आणि भोवऱ्याची साखळी तुटेल. इटलीतील लान्चिया कंपनीने १९२२ मध्ये आपल्या लाम्ब्दा गाडीत स्वतंत्र चाके दिली होती. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३४ च्या गाड्यांना ती सर्रास दिली. त्यामागे मॉरिस ओली ह्या इंजिनिअराचे मोठे परिश्रम होते, आणि गाडीच्या सुखाइतकेच ह्या थरथरीचे निवारण हाही त्याचा हेतू होता. ह्याच कंपनीचा गाड्या जुळविण्याचा कारखाना १९२८ पासून मुंबईत शिवडीला होता.

दुसरी वाट थरथरीचे बळ खाऊन टाकण्याची. धक्के शोषणाऱ्या साधनांचा जन्म आधीच झाला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सच्या त्रुफोने व त्याच्या मागून अमेरिकेच्या हार्टफर्डने एकमेकांवर घासणाऱ्या चकत्यांचे साधन प्रचारात आणले. त्यानंतर उदाय ह्या फ्रेंच गृहस्थाचे तेलाचे साधन आले, आणि १९२७ अखेर निघालेल्या फोर्डच्या ‘ए’ नमुन्याला ते कारखान्यातूनच बसून येऊ लागले. ही साधने स्प्रिंगांसाठी होती. तीच कल्पना सुकाणूला लावली की झाला स्टिअरिंग डॅम्पर. मोटारसायकलींवर चकत्यांचे साधन पुष्कळ काळ असे. हँडलच्या मध्यभागी एक मोठा गोल खुंटा, तो वेगाने जाताना पिळून घट्ट करावयाचा आणि गावात शिरताना सैल सोडावयाचा.

चकतीचे आणि तेलाचे साधन ह्यांत एक मार्मिक भेद आहे. चकती हळू हालचालीलाही तितकीच अडविते आणि जलद हालचालीलाही तितकीच. तेलाचे तसे नाही. डहाणूच्या खाडीत गुडघाभर पाण्यातून सावकाश चालत जावे, पाणी वाट देते. धावू पाहावे, तेच पाणी पाय धरते. डॅम्परच्या नळीतले तेल असेच वागते. चालक चक्र फिरवितो ती चाल संथ. तिला तेल भोकांतून निमूटपणे सरकून वाट देते. थरथर मात्र सेकंदाला अनेक वेळा इकडून तिकडे उडी मारणारी. तिला तेल घट्ट धरते आणि तिचे बळ उष्णतेत घालवून टाकते. माणसाची आज्ञा पुढे जाऊ द्यावयाची आणि उपद्रव अडवावयाचा, एवढा विवेक त्या मुक्या तेलात आहे.

ही वस्तू केवळ डागडुजीची नव्हे, हेही सांगितले पाहिजे. जर्मनीच्या फोक्सवागन गाडीला १९६० च्या नमुन्यापासून कारखान्यातूनच स्टिअरिंग डॅम्पर येऊ लागला. लहान विमानांच्या नाकाखालच्या चाकाला तर तो बहुधा असतोच. कारण ते चाक ढकलगाडीच्या चाकाचेच थोरले भावंड, आणि धावपट्टीवर ते फडफडू लागले तर प्रसंग बाका. १९४१ मध्ये श्लिपे आणि डीट्रिश ह्या जर्मन संशोधकांनी टायरच्या लवचीकपणाचे गणित मांडले तेही विमानाच्या चाकाची थरथर समजून घेण्यासाठीच.

आता त्या अमेरिकन तरुणांकडे वळू. फोर्डच्या ‘टी’ नमुन्याच्या गाड्या १९०८ ते १९२७ ह्या काळात दीड कोटीहून अधिक निघाल्या. इंजिन वीस अश्वशक्तीचे. त्यामागून ‘ए’ आला तो चाळीस अश्वशक्तीचा, आणि १९३२ मध्ये आठ सिलिंडरांचा ‘व्ही-आठ’ आला तो पासष्ट अश्वशक्तीचा. जुन्या गाड्या कवडीमोलाने मिळू लागल्या. कॅलिफोर्नियातील तरुणांनी त्या घेतल्या, मडगार्ड व टप काढून त्या हलक्या केल्या, त्यांत बलवान इंजिने घातली आणि वाळवंटातील कोरड्या तळ्यांच्या सपाट तळावर त्या पळविल्या. ह्या गाड्यांना ‘हॉट रॉड’ नाव पडले. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांचा संघ झाला, १९४८ च्या जानेवारीत त्यांचे मासिक निघाले, १९५१ मध्ये देशव्यापी संस्था झाली. पण पुढचा आस तोच राहिला: अखंड, एका आडव्या कमानीच्या स्प्रिंगवर टांगलेला, वीस-चाळीस अश्वशक्तीच्या हिशेबाने घडविलेला. त्यात गाडी बुटकी करण्यासाठी आस वाकविला, त्याला धरणारे दांडे कापून वेगळे जोडले, टायर रुंद घातले. खिळ्याचा मूळ कल बदलला. आणि १९२५ चा आजार पुन्हा नव्याने उद्भवला. मग कोणाला तरी फोक्सवागनची ती स्वस्त, सहज मिळणारी नळी आठवली, आणि ती जुन्या फोर्डच्या आसावर जाऊन बसली.

आपल्याकडे असा प्रकार झाला काय? हॉट रॉडचा संप्रदाय महाराष्ट्रात रुजला नाही. त्याचे कारण उघड आहे: आपल्याकडे जुनी मोटार कधी कवडीमोल झालीच नाही. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक मोटार निघते तेव्हा लोक देवाच्या पालखीसारखे तिला पाहतात. तिचा टप कापण्याची कल्पना कोणाच्या मनाला शिवणार नाही. पण एक गाडी अशी आहे की जिच्यावर आपल्या मिस्त्रींनी मनसोक्त हात चालविला. ती म्हणजे जीप. दुसऱ्या महायुद्धासाठी १९४१ पासून अमेरिकेत ती हजारोंनी निघाली. युद्ध संपल्यावर सैन्याच्या जीपा नागरी हातांत आल्या. १९४५ साली लुधियान्यात स्थापन झालेली आणि १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र ह्या नावाने ओळखली जाणारी कंपनी मुंबईत विलीस जीपा जुळवू लागली. पुढे त्या येथेच घडू लागल्या आणि अमेरिकेत त्यांचे उत्पादन थांबल्यावरही येथे चालू राहिल्या. सरकारी दौरे, निवडणुका, ऊसतोडणी, वऱ्हाड, वडाप, सर्व कामांत त्या राबल्या. इंजिन दमले की दुसरे डिझेल इंजिन घालावे, मागे बाके वाढवावीत, टायर मोठे चढवावेत, हे गावोगावच्या गॅरेजांत घडत आले. आपली हॉट रॉड ती हीच. फक्त तिच्यामागे शर्यतीची हौस नव्हती, पोटाची गरज होती.

आणि जीपलाही पुढे अखंड आसच. युद्धकाळच्या जीपमध्ये पेटीकडून आलेला जोर मधल्या एका फिरत्या तुकड्यावर येतो आणि तेथून दोन दांडे दोन चाकांकडे जातात. तो मधला तुकडा आपल्या खिळ्यावर झिजला की थरथरीला आमंत्रणच. चाकांच्या किंगपिनचे बेअरिंग योग्य दाबाने घट्ट असावे म्हणून तेथे पातळ पत्रे घालतात. ते बरोबर नसले तरी तेच. अनुभवी मिस्त्री चक्र हातात न घेताच हे ओळखतो. चाक अधांतरी उचलून तो वर-खाली धरून हलवितो. सैलपणा लागला तर किंगपिन किंवा चाकाचे बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून हलवितो. सैलपणा लागला तर दांड्याचे सांधे. मग पेटी चेसिसला घट्ट आहे की नाही, स्प्रिंगांचे बुश राहिले आहेत की नाही, स्प्रिंग बसून खिळ्याचा कल मोडला आहे काय, टायर गोल आहे काय, त्याचे वजन सर्व बाजूंनी सारखे आहे काय, दोन चाकांचे तोंड योग्य तितके आत आहे काय. एवढे सर्व पाहून, दुरुस्त करून, मग डॅम्परची गोष्ट.

तो बसविण्यातही पथ्ये आहेत. नळीचे एक टोक दांड्याला लावले तर दुसरे आसाला लावावे. म्हणजे आस वरखाली झाला तरी दोन्ही टोके बरोबरच हलतील. दुसरे टोक चेसिसला लावले तर प्रत्येक खड्ड्यात नळी उगाच ओढली-ढकलली जाते. नळी दांड्याला होईल तितकी समांतर असावी. फार तिरपी बसली तर तिचे बळ वाया जाते. चाके सरळ असता दट्ट्या मधोमध हवा, आणि चाके एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुरती वळविली तरी दोन्हीकडे त्याची थोडी धाव शिल्लक हवी. नाहीतर ऐन वळणावर नळीच अडसर होऊन बसेल. दोन्ही दिशांना सारखाच विरोध करणारी नळी घ्यावी; दाबाखालचा वायू भरलेली, दांडी सतत बाहेर लोटणारी नळी गाडीला एका अंगाला ओढीत राहते. ज्या दांड्यावर जीव अवलंबून आहे त्याला वेल्डिंग करू नये, पकडपट्टीने धरावे. आणि शेवटी चाके अधांतरी ठेवून व मग जमिनीवर टेकवून, दोन्ही प्रकारे चक्र पुरते फिरवून पाहावे. नळी टायरला, ब्रेकच्या रबरी नळीला कोठे लागत नाही ना, ही खात्री करावी.

पण मूळ वादाचे काय? डॅम्पर हा उपाय की झाकण? इतिहास पाहता मला असे वाटते की दोन्ही पक्ष अर्धे बरोबर आहेत. सर्व सांधे ठणठणीत असूनही अखंड आसाच्या गाडीत थरथरीचे बीज राहतेच. तेथे डॅम्पर हा प्रामाणिक उपाय आहे, आणि कारखान्यांनीही तो लज्जा न बाळगता वापरला. परंतु झिजलेल्या सांध्यावर तो चढविला तर तो रोग्याचा ताप उतरवितो आणि रोग तसाच ठेवतो. मघाशी मी म्हटले की अडलेला धक्का नाहीसा होत नाही, तो सांध्यांत जिरतो. थरथर ही त्या सांध्यांची तक्रार असते. ती हाताला लागेनाशी झाली की मालक निश्चिंत होतो. सांधा मात्र झिजतच राहतो, आणि एके दिवशी, भरधाव असताना, तक्रार न करता निखळतो. म्हणून जुन्या मिस्त्रींचा नियम मला शहाणपणाचा वाटतो: गाडी आधी डॅम्परवाचून नीट चालली पाहिजे, मग तो बसवावा. आणि वर्षातून एकदा तो सोडवून, सावकाश वेगाने, गाडी पुन्हा काय म्हणते ते ऐकावे.

ह्या प्रश्नाला कायद्याचीही एक बाजू आली आहे. कारखान्याने ठरविलेल्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाहीत, असा मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत लावला. २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले: पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चेसिस, सांगाडा व इंजिन यांत मोठा बदल न झालेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदविता येते आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. म्हणजे अमेरिकन अर्थाची हॉट रॉड आपल्या रस्त्यावर आणणे आज कठीणच आहे. हा कडकपणा काही हौशी लोकांना जाचक वाटतो, आणि ज्यांनी जन्मभर जीपा जगविल्या त्या मिस्त्रींच्या कसबाला त्यात जागा नाही, ही खंत मलाही आहे. पण लेव्हासोरची आठवण ठेवून बोलावयाचे, तर ताकद वाढविण्यापूर्वी सुकाणूचा हिशेब मागणारा कायदा सर्वस्वी चुकीचा आहे असे म्हणवत नाही. मागावयाचेच असेल तर सरसकट मनाईऐवजी जाणत्याकडून परीक्षा मागावी.

श्रोतेहो, १८७५ च्या त्या वाफेच्या गाडीपासून आपण येथवर आलो. ह्या दीडशे वर्षांत एक क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. माणूस आधी ताकद मिळवितो. मग ती ताकद जुन्या सांध्यांतून थरथर होऊन प्रकट होते. मग कोणी तरी अनामिक कारागीर त्या थरथरीचे कारण शोधीत जमिनीवर आडवा पडून गाडीखाली जातो. शर्यत जिंकणाऱ्याचे नाव राहते, पेटंट घेणाऱ्याचे राहते, गाडीखाली गेलेल्याचे राहत नाही. धाकट्या डहाणूच्या किनाऱ्यावर इंजिनाच्या होडीचे सुकाणू हाती धरून बसलेला तांडेल दांडा नेहमीपेक्षा अधिक थरथरू लागला की इंजिन मंद करतो आणि बंदराला आल्यावर आधी बिजागऱ्या पाहतो. त्याला ब्रूलिएचा निबंध ठाऊक असण्याचे कारण नाही. पण हाताला लागणारी थरथर ही बातमी आहे, ती दाबण्यापूर्वी ऐकून घ्यावी, हे त्याला ठाऊक आहे. जुनी गाडी बाळगणाऱ्यानेही तेवढे ध्यानात ठेवले, तर ती लहानशी तेलाची नळी त्याला खुशाल बसविता येईल.